ग्रह की थर्मामीटर?

न्हावा-शेवा बंदरातले रीफर कंटेनर आपण नेहमी बघतो. बाहेर मे महिना असो की धो धो पाऊस, आतलं टेम्परेचर एकच ठेवायचं! दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या यंत्राचीही हीच अट असते, फक्त कितीतरी पट कडक.

असा ग्रह सहसा दिसत नाही. पण तो फिरताना ताऱ्यालाही किंचित डोलवतो. तारा आपल्याकडे आला की त्याच्या स्पेक्ट्रममधल्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर गेला की लालकडे. हाच आपला डॉप्लर इफेक्ट. १९९५ साली मेयर आणि केलोझ यांनी याच पद्धतीने '५१ पेगासी बी' हा ग्रह शोधला. २०१९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आता थोडा हिशोब करू. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने माउंट अबूला १.२ मीटरच्या दुर्बिणीवर 'पारस' हा स्पेक्ट्रोग्राफ बसवला. अशा यंत्रात ताऱ्याचा वेग सेकंदाला १ मीटरने बदलला, तर रेषा डिटेक्टरवर जेमतेम १०-१५ नॅनोमीटर सरकते. आणि १ मीटर लांबीची स्टीलची पट्टी? टेम्परेचर फक्त ०.०१ अंशाने वाढलं तरी ती १२० नॅनोमीटर वाढते! म्हणजे यंत्र तापलं की ताराच हलल्यासारखा वाटणार.

यावर उपाय दोन. पहिला, 'पारस' व्हॅक्यूममध्ये ठेवतात आणि टेम्परेचर सुमारे २५.५ अंशांवर, ०.०१ अंशाच्या आत धरतात. इथे थंड ठेवणं महत्त्वाचं नाही, एकसारखं ठेवणं महत्त्वाचं. दुसरा, ताऱ्याच्या प्रकाशाशेजारी दुसऱ्या फायबरमधून थोरियम-आर्गन दिव्याचा प्रकाश सोडतात. यंत्र हललं तर दोन्हींच्या रेषा हलतात, तारा हलला तर एकाच्याच. वजाबाकी केली की खरं उत्तर हाती!

याच 'पारस'ने २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षं दूरचा, पृथ्वीच्या साधारण २७ पट वस्तुमानाचा ग्रह पक्का केला. त्याचं वर्ष फक्त साडेएकोणीस दिवसांचं. पुढे २.५ मीटरच्या दुर्बिणीवर 'पारस-२' आला.

खरी परीक्षा मात्र पुढेच आहे. पृथ्वीमुळे सूर्य सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटर वेगाने डोलतो, तेही वर्षातून एकदा. आणि उन्हाळा-हिवाळ्याचं चक्रही वर्षाचंच! टेम्परेचर सांभाळलं नाही, तर आपला बदलता सीझनच 'दुसरी पृथ्वी' म्हणून मिरवेल. म्हणून लॅबमध्ये रीडिंग बदललं की आधी विचारावं : बदललं काय, वस्तू की यंत्र?