चित्रफितीच्या संपादनात वर्गातील दूरचित्रवाणी संचाचा उपयोग

शिक्षक चित्रफीत जोडतो ती पंधरा इंची लॅपटॉपवर, हातभर अंतरावरून. विद्यार्थी ती पाहतात भिंतीवरच्या दूरचित्रवाणी संचावर, पंधरा-वीस फुटांवरून. परिश्रमाने केलेल्या कित्येक चित्रफिती वर्गात फिक्या पडतात त्याचे मुख्य कारण हेच होय. १९८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या बालचित्रवाणीत शैक्षणिक कार्यक्रम तयार होत, तेव्हा जोडणीचे काम पाहणारे लोक वेगळे असत. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. पुढे २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली तेव्हा खेडोपाडीच्या शिक्षकांनी मोबाईलवर स्वतःच पाठ चित्रित केले, आणि तेव्हापासून चित्रण, निवेदन व जोडणी ही तिन्ही कामे बहुधा एकाच व्यक्तीच्या माथी आली आहेत. अशा शिक्षकाने दुसरा पडदा विकत घेण्याचे कारण नाही. अनेक शाळांत लोकसहभागातून आलेला संच भिंतीवर आहेच. संपादनाच्या वेळी तोच लॅपटॉपला जोडावा.

महाड व पोलादपूर तालुक्यांपुरते उदाहरण घ्यावयाचे तर जेथे चूक परवडणार नाही असा विषय घ्यावा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पुराखाली गेले, २२ तारखेस तळिये येथे दरड कोसळली आणि त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. तेव्हा 'दरडीची पूर्वचिन्हे' हा सहा मिनिटांचा पाठ येथील मुलांस हवाच. उतारावर जमिनीला पडलेली नवी चीर, झऱ्याचे एकाएकी गढूळ झालेले पाणी, कललेली झाडे व खांब, घट्ट बसू लागलेली दारे, ही चिन्हे त्यात दाखवावयाची. (दुर्घटनेची प्रत्यक्ष दृश्ये मात्र दाखवू नयेत. वर्गात आप्त गमावलेले मूल बसलेले असू शकते.) आता लॅपटॉपवर स्पष्ट दिसणारी ती चीर संचावर ओल्या मातीच्या काळसर पट्ट्यात बुडून गेली, तर पाठ झाला खरा, पण मुलाने काय पाहिले?

जोडणी सोपी आहे. एचडीएमआय केबल दोन्ही यंत्रांत घालावी, संचाच्या रिमोटवरून ती केबल ज्या खाचेत आहे तीच निवडावी, आणि लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून धरून 'पी' हे अक्षर दाबावे. येणाऱ्या पर्यायांपैकी 'डुप्लिकेट' घेतल्यास दोन्हीकडे एकच चित्र दिसते. 'एक्स्टेंड' घेतल्यास संच हा वेगळा, जास्तीचा पडदा होतो. संपादनास 'एक्स्टेंड'च हवे. 'शॉटकट' या विनामूल्य प्रणालीत 'एक्स्टर्नल मॉनिटर' अशी सोय असून तीत संचाची निवड केली की तुकडे कापण्याजोडण्याची पट्टी लॅपटॉपवर राहते व संचावर केवळ चित्र उमटते. काहीजण संच मोठा म्हणून ती पट्टीच तेथे नेऊन ठेवतात. हे योग्य नव्हे. ३२ इंची संचांपैकी पुष्कळांवर आडवे १३६६ व उभे ७६८ एवढेच ठिपके असतात. जवळून पाहता अक्षरे भरड दिसतात आणि मान अवघडते ती वेगळीच.

संच हा मूळचा करमणुकीचे साधन असल्यामुळे चित्रात तो आपल्या मनाने फेरफार करतो. पहिला फेरफार काठाचा. कित्येक संच चित्र किंचित फुगवून त्याची कड कापतात, आणि खाली लिहिलेली 'गढूळ पाणी दिसताच मोठ्यांना सांगा' ही ओळ अर्धी नाहीशी होते. रिमोटवर चित्राच्या आकाराचा जो पर्याय असतो त्यात 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडावे; तरीही अक्षरे काठापासून दूरच ठेवावीत, कारण चित्रफीत शेजारच्या शाळेत गेली की तेथील संच निराळा असणार. दुसरा फेरफार रंगांचा. 'व्हिविड' या अवस्थेत हिरवे रान भडक होते व सावल्या काळ्याठिक्कर पडतात. 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' ही अवस्था ठेवून मगच परीक्षण करावे. याखेरीज एक बारकावा आहे. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची छटा ० ते २५५ अशी मोजतो, तर दूरचित्रवाणीची रूढ मोजणी १६ ते २३५ अशी आहे. दोघांचा मेळ नसेल तर एक तर सारे चित्र धुरकट दिसते, नाहीतर अंधारे भाग एकजीव काळे होतात. संचाच्या मांडणीत 'ब्लॅक लेव्हल' अथवा 'एचडीएमआय रेंज' बदलून पाहावे, आणि चीर दिसू लागली तर दोष चित्रणाचा नव्हता असे समजावे.

आवाज व चित्र एकाच यंत्रातून घ्यावे. संच चित्रावर प्रक्रिया करण्यात क्षणभर वेळ घालवतो. तेव्हा आवाज लॅपटॉपचा व चित्र संचाचे असे ठेवल्यास ओठ शब्दांच्या मागे पडलेले दिसतात, आणि शिक्षक बिनचूक जोडणी उगाच बिघडवून बसतो. 'गेम मोड' असल्यास हा विलंब कमी होतो.

खरी परीक्षा मात्र खुर्चीवरून होत नाही. उठून शेवटच्या मुलाच्या जागी, त्याच्यासारखे जमिनीवर बसून, खिडक्या नेहमीसारख्या उघड्या ठेवून पाहावे. पाच मीटरवरून सहज वाचता यावे म्हणून अक्षराची उंची सुमारे अडीच सेंटिमीटर धरावी. ३२ इंची संचाच्या चित्राची उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. म्हणजे अक्षर चित्राच्या सोळाव्या हिश्श्याहून लहान नसावे. देवनागरीत वेलांट्या, उकार व जोडाक्षरे असल्याने दुसरी-तिसरीच्या मुलांकरिता याहून मोठेच बरे. एका वेळी एकच ओळ. चीर ओळखू येत नसेल तर बाण काढण्यापेक्षा ते दृश्य जवळून पुन्हा टिपावे. शेजारी फूटपट्टी किंवा मुलाची चप्पल ठेवली म्हणजे रुंदीचा अंदाज येतो.

पावसाळ्यात या खोऱ्यांत विजा फार. गडगडाट सुरू होण्याची चिन्हे दिसताच काम जतन करून संचाचा व लॅपटॉपचा प्लग, डिशची तार आणि एचडीएमआय केबल ही सर्व काढून ठेवावीत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.