जुन्या जीपगाडीतील गॅसची टाकी हलविताना



आपल्या भागात पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या फोर-व्हील गाड्या अजून बऱ्याच सभासदांकडे आहेत. ओल्या रानात, पाणंदीच्या चिखलात त्यांच्यासारखी गाडी नाही. पेट्रोल परवडेना म्हणून काहींनी त्यांवर एल.पी.जी. गॅसचे किट बसवून घेतले. आपल्या देशात गॅसवर गाडी चालविण्यास सन २००० मधील कायदा-दुरुस्तीने वाट मोकळी झाली. पण ही टाकी बहुधा मागच्या सीटच्या पाठीमागे आडवी बसवितात आणि मग सामानाला जागा उरत नाही. रोपांचे ट्रे, फवारणी पंप, खताची पोती ठेवायची कुठे? मग मनात येते, टाकी खाली चासीत टाकू. आम्हीही तेच केले. त्यात आम्ही काय चुकलो ते आधी सांगतो.

आमच्या शेतकी विभागाच्या जुन्या जिप्सीत ६० लिटरची टाकी होती. ती एका गॅरेजमध्ये आम्ही गाडीखाली बसवून घेतली. पाइप नीट पोहोचेना म्हणून कारागिराने टाकी थोडी फिरविली. आम्ही म्हटलं, "फिरली तर फिरली, टाकी तर गोलच आहे." पुढच्या खेपेला गॅस भरला, तर पूर्वी ४८ लिटरला थांबणारा पंप ५५ लिटरपर्यंत गेला. आम्ही खूशच झालो! टाकी खाली गेली आणि वर गॅसही जास्त बसू लागला, म्हणजे दुहेरी फायदा.

तो फायदा नव्हता, धोका होता. मार्च महिन्यात सकाळी गार वेळेला टाकी भरून गाडी शिवारात फिरविली आणि दुपारी काट्याजवळ उन्हात उभी केली. थोड्या वेळाने गाडीखालून फुस्स असा आवाज आणि गॅसचा उग्र वास येऊ लागला. शेजारी उसाच्या गाड्यांची रांग, बैल जुंपलेले, दोघा-तिघांच्या हातात बिड्या. आम्ही ओरडून बिड्या विझवायला लावल्या, बैल वाऱ्याच्या वरच्या बाजूस नेले आणि गाडीच्या चावीला कोणालाही हात लावू दिला नाही. टाकी गार होत गेली तसा आवाज थांबला. कोणाला इजा झाली नाही, ही दैवाची कृपा. आमचे शहाणपण त्यात काही नव्हते.

असे का झाले? एल.पी.जी. टाकीत दाबाखाली पातळ रूपात असतो. ऊन लागले की तो पाण्याच्या सुमारे दहा पट फुगतो. म्हणून टाकी ८० टक्केच भरायची असते. ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटर, बाकी जागा फुगण्यासाठी. हे काम टाकीवरच्या व्हॉल्व्हमधला तरंगता गोळा करतो. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतील बॉलकॉक जसा, तसाच. पण तो गोळा टाकीच्या ठरावीक कोनासाठीच जुळविलेला असतो. टाकी फिरली की गोळ्याचे गणित चुकते आणि व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. टाकी काठोकाठ होऊन दाब वाढला, की सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून गॅस बाहेर सोडतो. आमच्या गाडीत त्याने आपले काम केले. चूक आमचीच होती.

म्हणून टाकी हलविणे म्हणजे ती नव्याने बसविणेच, असे समजावे. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) कोन : व्हॉल्व्हचा कोन टाकीवर किंवा व्हॉल्व्हवर लिहिलेला असतो. तोच कोन नव्या जागी राहिला पाहिजे. जागेत बसत नसेल तर त्या जागेला जुळणारी दुसरी टाकी घ्यावी. काम झाल्यावर पहिल्यांदा गॅस भरताना समोर उभे राहून लिटर मोजावेत. ८० टक्क्यांच्या वर गेले तर गाडी तशीच परत कारागिराकडे न्यावी.

२) वास आणि वारा : हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, सखल जागी साचतो. टाकी गाडीच्या आत असेल तर व्हॉल्व्हवर गॅसबंद पेटी हवी आणि तिची नळी गाडीबाहेर निघाली पाहिजे. नळीचे तोंड सायलेन्सरजवळ किंवा चाकाच्या खोबणीत नसावे.

३) जागा : फोर-व्हील गाडीखाली पुढचा-मागचा शाफ्ट फिरतो आणि पाटे दबले की अ‍ॅक्सल वर येतो. पूर्ण भार टाकून, अ‍ॅक्सल वर आलेला असताना अंतर तपासावे. युरोपातील नियमावलीप्रमाणे संरक्षक चौकट नसेल तर टाकी रस्त्यापासून २०० मिलिमीटरपेक्षा खाली नसावी आणि सायलेन्सरपासून १०० मिलिमीटरच्या आत असल्यास मध्ये उष्णता अडविणारा पत्रा हवा. आपल्या बांधांचे आणि दगडांचे रस्ते पाहता याहून जास्तच अंतर बरे.

४) पकड : भरलेली टाकी साखरेच्या पोत्याइतकी, म्हणजे ५० किलोच्या आसपास भरते. नुसत्या गंजक्या पत्र्याला बोल्ट मारून ती टिकत नाही. खालून जाड पट्टी द्यावी, पट्ट्याखाली रबर घालावे. टाकीवर वेल्डिंग कदापि करू नये, भोक पाडू नये.

५) पाइप : जुना पाइप वाकवून किंवा जोड देऊन वापरू नये. टाकीपासून इंजिनपर्यंत अखंड नवा पाइप घ्यावा आणि जागोजागी क्लिपने बांधावा. जॅक लावायच्या जागेवरून तो नेऊ नये.

६) रिकामी करणे : गाडी गॅसवर चालवून टाकी संपवावी. तरीही आत गॅस उरतोच. म्हणून पुढचे काम जाणकारानेच, उघड्या जागी करावे. गॅरेजच्या खड्ड्यावर तर मुळीच नको, कारण गॅस त्या खड्ड्यातच उतरतो.

७) कागद : काम मान्यताप्राप्त केंद्रातच करून घ्यावे आणि त्याचा दाखला ठेवावा. किटची नोंद आर.सी. बुकात असावी. टाकीची चाचणी दर ५ वर्षांनी करावी लागते, तिची तारीख टाकीवर पाहावी. १५ वर्षांनंतर नोंदणी वाढवून घेताना आणि विम्याच्या वेळी हेच कागद उपयोगी पडतात.

आणखी एक. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तिथे ८० टक्के मोजणारे कोणी नसते.

आम्ही पुढे योग्य कोनाची दुसरी टाकी बसवून घेतली. आता पंप ४८ लिटरला थांबतो आणि रोपांचे ट्रेही मावतात. खर्च दुप्पट झाला. पण त्या दुपारी काट्यावर उभे असलेले आपले गाडीवान, त्यांचे बैल आणि रांगेतल्या गाड्या आठवल्या की तो खर्च आम्हाला जड वाटत नाही. ज्या सभासदांच्या गाडीत टाकी हलविलेली आहे, त्यांनी पुढच्या वेळी गॅस भरताना लिटर तेवढे जरूर मोजावेत.