‘ऑलिव्हबँक’ आणि पाणसुरुंग

८ सप्टेंबर १९३९. दुसरे महायुद्ध सुरू होऊन जेमतेम एक आठवडा झाला होता. ‘ऑलिव्हबँक’ हे चार डोलकाठ्यांचे पोलादी गलबत उत्तर समुद्रातून घराकडे निघाले होते. १८९२ साली ग्लासगो येथे बांधलेले हे गलबत फिनलंडच्या ऑलंड बेटांवरील गुस्टाफ एरिकसन यांच्या मालकीचे होते. आगबोटींच्या जमान्यातही त्यांची शिडाची जहाजे ऑस्ट्रेलियाचा गहू युरोपात आणीत असत. वाऱ्याला कोळसा लागत नाही आणि गव्हाला घाई नसते!

वेल्समधील बॅरी बंदरातून निघालेले हे गलबत डेन्मार्कच्या पश्चिमेस एका पाणसुरुंगावर आदळले आणि बुडाले. कप्तानासह १४ जण मरण पावले. उरलेले ७ जण डोलकाठीच्या तुकड्याला बिलगून राहिले. सुमारे दोन दिवसांनी एका डॅनिश मच्छीमार नौकेने त्यांना वाचवले.

फिनलंड तेव्हा युद्धात नव्हता. मग गलबतावर हल्ला कोणी केला? कोणीच नाही! जर्मनीने शत्रूच्या जहाजांसाठी तेथे सुरुंग पेरले होते.

असा सुरुंग म्हणजे स्फोटक द्रव्य भरलेला पोलादी गोळा. तो आतून बराचसा पोकळ असल्याने पाण्यावर तरंगू पाहतो. पण तळाशी असलेल्या नांगराचा दोर त्याला पृष्ठभागाखाली ओढून धरतो. म्हणून तो जहाजावरून दिसत नाही. गोळ्यावर शिशाची मऊ शिंगे असतात. प्रत्येक शिंगात आम्लाची काचनळी आणि तिच्याखाली जस्त व कार्बन यांच्या पट्ट्या असतात. जहाजाच्या धक्क्याने शिंग वाकते, नळी फुटते आणि आम्ल पट्ट्यांवर सांडते. शाळेत तुम्ही पाहिलेला विद्युत्‌घट क्षणात तयार होतो! त्याचा प्रवाह स्फोट घडवून आणतो. तोपर्यंत आम्ल वेगळे असल्याने घट मुळीच झिजत नाही. सुरुंग वर्षानुवर्षे वाट पाहू शकतो.

१९०७ च्या हेग करारात सुरुंगांच्या जागेची सूचना द्यावी असे ठरले होते. पण ‘लष्करी गरज परवानगी देईल तेव्हा’ ही पळवाटही होती.

मुलांनो, तोफ डागणारा माणूस समोरच्या जहाजाचा झेंडा पाहून थांबू शकतो. काचनळीला झेंडा दिसत नाही. घट बनवण्याचे ज्ञान तेच. ते कोठे वापरायचे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.