क्लायंट पळवले, आता काय करायचं?

बारावीचा निकाल लागला की पालक विचारतात, ‘मुलगा कॉलेज नको, फ्रीलान्स ग्राफिक डिझाइनच करतो म्हणतोय. करू द्यावं का?’ दिवाळीच्या सुमारास त्यांच्यातलेच काही जण पुन्हा येतात. ‘मित्राला थोडं काम वाटून दिलं, तर तोच कमी रेट सांगून क्लायंट घेऊन गेला. तक्रार करावी का?’

तक्रार कसली करणार? कमी पैशांत काम करून देतो म्हणणं हा गुन्हा नाही. मित्राकडून ‘माझ्या क्लायंटकडे कधीच जाणार नाही’ असं लिहून घेतलं असलं, तरी काम संपल्यानंतरची अशी बंदी कोर्टात सहसा टिकत नाही. 1872च्या करार कायद्याचं 27वं कलम आडवं येतं. त्यापेक्षा वाटून दिलेलं काम क्लायंटपर्यंत स्वतः पोचवा, आणि मासिक काम असेल तर एक महिन्याच्या नोटिशीची अट सुरुवातीलाच ईमेलवर लिहून घ्या. पूर्ण पैसे आल्याशिवाय ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, देऊ नका. फ्रीलान्सरनं काढलेल्या लोगोचा कॉपीराइट लेखी हस्तांतर होईपर्यंत सामान्यतः त्याच्याकडेच असतो. फोटो आणि व्हिडिओला मात्र वेगळा नियम आहे, तिथे करार हवाच. क्लायंट गेलाच, तर राहिलेलं बिल मागा, काम नीट सोपवा आणि नव्या माणसाबद्दल एकही वाईट शब्द बोलू नका. रेट तर मुळीच पाडू नका. एकदा पाडलेला रेट तोच क्लायंट पुन्हा वर जाऊ देत नाही.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. ज्याला फक्त सॉफ्टवेअर येतं, त्याचं काम कुणीही उचलू शकतं. म्हणून मी दर वर्षी मुद्रण तंत्रज्ञानाच्या पदविकेबद्दल सांगतो आणि दर वर्षी पालक तोंड वाकडं करतात. दहावीनंतर तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम मुंबईच्या सरकारी मुद्रण संस्थेत आहे. प्रेसमध्ये उभा राहिलेला मुलगा स्क्रीनवरचा झगझगीत निळा शाईत का मरतो, हे सांगू शकतो. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेघेबाहेरची जादा छपाई) न सोडल्यास कटिंगनंतर पांढरी कड दिसते, जाड आर्ट कार्ड घडीवर तडकतं, लाल रेघांचा बारकोड स्कॅनर वाचत नाही, हे त्याला पाठ असतं. मसाल्याची हजारो पाकिटं छापल्यावर बारकोड चालत नाही असं कळलं, की कारखानदाराचं किती नुकसान होतं! ते छपाईआधी ओळखणाऱ्याला तो पाचशे रुपये वाचवण्यासाठी सोडत नाही. शिवाय प्रेसवालेच त्याच्याकडे नवी कामं पाठवतात.

आता पालकांशी स्पष्ट बोलतो. एक वडील मुलाच्या क्लायंटला स्वतः फोन करून ‘तुम्ही असं का केलंत?’ म्हणून भांडले. त्या क्लायंटच्या ओळखीतली दोन कामंही गेली. असा फोन कधीही करू नका. ‘शेजारचा महिन्याला एवढे कमावतो’ हे रोज ऐकणारा मुलगा घाबरून मिळेल त्या रेटला होकार देतो, आणि उद्या तोच दुसऱ्याचे क्लायंट फोडायला निघतो. पदविका नसेल घ्यायची, तर निदान दोन वर्षं त्याला एखाद्या प्रेसमध्ये पगारावर राहू द्या. पगार कमी असेल. तेवढी दोन वर्षं घरखर्चाला त्याच्याकडे पैसे मागू नका.