अरबांच्या ताटातला माळव्याचा हरभरा

स्नेहलतागंजात बसून अरबी स्वयंपाकाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. माळव्याच्या काळ्या जमिनीत पिकणारा डॉलर हरभरा, म्हणजेच काबुली चणा, इंदूरच्या मंडीतून परदेशी जातो आणि आपण तो विकून घरी मैद्याची बिस्किटे आणतो, म्हणून.

अरब लोक या चण्याचे ‘हुम्मुस’ करतात. चणे आठ-दहा तास भिजवून बोटाने चिरडतील इतके मऊ शिजवावेत. निवल्यावर भाजलेले तीळ, लसूण व मीठ घालून बारीक वाटावे, वर लिंबू पिळावे. ऑलिव्हचे तेल नसले तर अडत नाही. चमचाभर तिळाचे चालते. 100 ग्रॅम कोरड्या चण्यात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. लिंबामुळे चण्यातले लोह अंगी लागते; जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र हा लाभ घटतो, आणि रक्त कमी असलेल्या आपल्या कितीतरी बायका नेमके तेच करतात!

इराणी लोक जेवणाबरोबर पुदिना, मुळा, कांद्याची पात कच्चीच खातात. तीही घ्यावी, स्वच्छ धुऊन. त्यांचा तुपाळ भात आणि पाकातली मिठाई यांचे कौतुक मधुमेह्याने दुरूनच करावे.

यंदा गाडी मंडीला जाण्याआधी एक पोते घरासाठी उतरवून घ्या.