स्तंभालेख आणि शून्याची रेषा

पंचायत समितीच्या बैठकीत आकडे नुसते वाचून दाखविण्यापेक्षा स्तंभालेख ठेवणे केव्हाही इष्ट होय. एक्सेलमध्ये एका रकान्यात जिल्ह्याचे नाव व दुसऱ्यात आकडा लिहावा. दोन्ही रकाने निवडून ‘इन्सर्ट’मधून स्तंभालेख घ्यावा, की काम झाले.

खरी दक्षता यापुढेच घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या अमरावती जिल्ह्यात ९५१, तर अकोल्यात ९४६ होती. आकडे असे निकटचे असले म्हणजे एक्सेल उभा अक्ष शून्यापासून न काढता आपल्या सोयीने वरूनच सुरू करते. समजा, तो ९४० पासून निघाला, तर अमरावतीचा स्तंभ ११ एककांचा, अकोल्याचा अवघा ६ चा, म्हणजे जवळजवळ निम्मा दिसेल. वस्तुतः अंतर हजारी पाचाचे! स्तंभाची उंची हेच येथे माप असल्याने अक्षावर माऊसची उजवी कळ दाबून ‘फॉर्मॅट ॲक्सिस’मध्ये ‘मिनिमम’पुढे शून्य लिहावे.

अकोल्याचे जुने आकडे घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला. १९९१ चा अविभाजित अकोला २००१ च्या अकोल्याशेजारी ठेवला, तर लोकसंख्या घटल्याचा भास होतो. वाशीमकडे गेलेले तालुके आधी वजा करावेत.