'खटपट' : एका ध्वन्यनुकारी शब्दाचे अर्थांतर

काशीतील दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी जपून वापरावा असा एक शब्द आहे : 'खटपट'. भाच्याच्या नोकरीसाठी मामांनी पुष्कळ खटपट केली, हे मराठीत कृतज्ञतेने सांगितले जाते. मामा-भाच्यांत खटपट झाली असे हिंदीत म्हटले, की शेजाऱ्याला भांडणाचा वास येतो. हिंदी कथेचा मराठी अनुवाद करणाऱ्याने हा शब्द ओळखीचा म्हणून तसाच ठेवला, तर कथेतील वैमनस्यच नाहीसे होते.

नाद मात्र एकच आहे. अशा शब्दांना पाणिनी 'अव्यक्तानुकरण' म्हणतो. त्याही आधी यास्काने 'काक' हे नाव पक्ष्याच्या आवाजावरून आले असे सांगून, औपमन्यवाला हे मत मान्य नसल्याची नोंद केली आहे. औपमन्यवाचा नकार टोकाचा खरा. पण नाद शब्दाला जन्म देतो, अर्थ देत नाही, एवढे त्यातून घेण्याजोगे आहे. मराठीने या नादात राबणारा हात ऐकला असावा, हिंदीने एकमेकांवर आदळणारी भांडी.

मराठी अर्थही निर्मळ नाही. 'खटपट्या' या विशेषणात कौतुक आणि किंचित उपहास एकत्र नांदतात. 'खटपटी-लटपटी' म्हटले की कौतुक संपते. बडोद्याच्या दरबारी व्यवहारात तर हा शब्द लाचलुचपत व कारस्थान यांसाठी रूढ झाला होता. तेथील रेसिडेंट जेम्स औट्रम याने १८५१ मध्ये मुंबई सरकारला या 'खटपटी'विषयी अहवाल धाडला आणि शब्द न भाषांतरता इंग्रजीत तसाच लिहिला. त्याच वर्षी सरकारने त्यालाच त्या पदावरून दूर केले!

इंग्रजीतील 'क्लिक'ची वाट नेमकी उलटी. खटका बसल्याचा तो आवाज. त्यावरून दोन माणसांचे जुळणे, न कळलेले एकदम उमगणे आणि आता संगणकाची कळ दाबणे. हिंदीत आघाताने बेबनाव सुचविला, इंग्रजीत मेळ. संगणकापुरती मराठीत 'टिचकी' सुचविली गेली; ती नादाला नाद देणारी आणि म्हणून चांगली योजना आहे. उमगण्याच्या अर्थी मात्र टिचकी चालत नाही. तेथे मराठी कान सोडून डोळ्याकडे वळते : डोक्यात प्रकाश पडतो.